पावसाळ्यात ग्रुपचं रनिंग टिकवलं, त्याचा माझा अनुभव

मागचे दोन पावसाळे माझं रनिंग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बंद पडायचं ते थेट दसऱ्यानंतर सुरू व्हायचं. टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, तिच्या हाफसाठी म्हणजे २१ किलोमीटरसाठी पाया घालायचा काळ नेमका जुलै-ऑगस्टचा, आणि तोच घरात बसून जायचा. ह्या वर्षी एकही आठवडा पूर्ण सुटला नाही, म्हणून लिहितेय, कारण इतके दिवस मला वाटायचं माझ्यातच जिद्द कमी आहे.

मी नेरुळला राहते. आमचा अकरा जणांचा ग्रुप आहे, मंगळवार, गुरुवार आणि रविवार, पहाटे साडेपाचला ज्वेल ऑफ नवी मुंबई ह्या बागेच्या गेटवर भेटायचं, आत तळ्याभोवती फेऱ्या मारायच्या आणि रविवारी पाम बीच रोडने महापालिकेच्या मुख्यालयापर्यंत जाऊन परत यायचं. लोक म्हणतात आपल्याकडे कसली थंडी, पण अंगातला टीशर्ट ओलाचिंब असताना खाडीकडून वारा सुटला की दात वाजतात, आणि त्याआधी पावणेपाचला गजर वाजतो तेव्हा खिडकीवर पाऊस आपटत असतो, पांघरूण गरम असतं, तेव्हा उठणं खरंच जड जातं.

मे महिन्यात आम्ही बसून नीट विचार केला की मागच्या वर्षी ग्रुप नेमका मोडला कुठे, तर कारण निघालं व्हॉट्सअ‍ॅप. पहाटे पाचला कुणीतरी लिहायचं "पाऊस आहे, जायचंय का?" आणि तो प्रश्न आला की संपलंच, एकाने "आज नको" म्हटलं की पाच मिनिटांत सगळे अंगठे पडायचे, जे बूट घालून बसलेले असायचे ते पण बूट काढायचे. म्हणून पहिला नियम केला की सकाळी ग्रुपवर हा प्रश्न विचारायचाच नाही, यायचं नसेल तर आदल्या रात्री दहाच्या आत सांगायचं, आणि पाऊस किती आहे ते खाली उतरून बघायचं, बेडवरून नाही. वरून ऐकू येणारा पाऊस नेहमी जास्त वाटतो, हे मी ह्या चार महिन्यांत कितीदा तरी बघितलं.

दुसरं म्हणजे जोड्या केल्या. जवळजवळ राहणारे दोघं दोघं, एकमेकांना घेऊनच गेटवर यायचं. माझी जोडी आमच्याच बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या ताई, शाळेत शिकवतात. पाच वीसला वॉचमनच्या केबिनच्या पत्र्याखाली भेटायचं ठरलं. जुलैच्या सुरुवातीला एका गुरुवारी गजर बंद करून मी झोपले, फोन सायलेंटवर. त्या वीस मिनिटं तिथे उभ्या होत्या आणि मग वर परत गेल्या, कारण त्या अंधारात, त्या पावसात एकटीने रस्त्यावर जायचं नाही हे आमचं ठरलेलं. संध्याकाळी डबा परत द्यायला आल्या आणि एवढंच विचारलं, "बरी होतीस ना गं?" रागाचा एक शब्द नाही. मला इतकं वाईट वाटलं की सांगू शकत नाही, त्यांचा पण दिवस माझ्यामुळे बुडाला होता आणि काळजी मात्र माझीच करत होत्या. त्या दिवसापासून गजर वाजला की मला पाऊस आठवत नाही, तो पत्रा आठवतो. सासूबाई अजून म्हणतात "एवढ्या पावसात कुठे निघालीस गं", मी सांगते, "आई, ताई खाली थांबल्यात."

बाकी सोयीच्या गोष्टी अनुभवाने कळल्या. रेनकोट घालून पळू नका, आत घामानेच भिजता. कॉटनचा टीशर्ट पाणी पिऊन जड होतो आणि काखेत, मांड्यांना घासतो, तिथे आधी व्हॅसलीन लावायचं, बोटांच्या मध्ये पण. पुढे छज्जा असलेली टोपी घातली की डोळ्यात पाणी जात नाही. बूट घरी आल्या आल्या आतला सोल काढून वर्तमानपत्राने भरायचे, तासाभराने कागद बदलायचा, दुसऱ्या दिवशीपर्यंत बऱ्यापैकी सुकतात, उन्हाची वाट बघत बसलात तर वास मारतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थंडी पळताना वाजत नाही, थांबल्यावर वाजते. ग्रुपमधल्या एका काकांच्या गाडीच्या डिकीत प्रत्येकाचा कोरडा टीशर्ट आणि टॉवेल पिशवीत असतो, आधी कपडे बदलायचे, मगच चहा. हे सुरू केल्यापासून सर्दीने लोक गळायचे थांबले, निदान आमच्यात तरी.

वेग मात्र सोडून द्यावा लागला. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, मग अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला छाती जास्त धडधडते, म्हणून सगळ्यांनी बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं ठरलं. त्याचा मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला, खरं सांगते. ते डिकीवाले काका नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोतून रिटायर झालेत, त्यांनी पळता पळता सांगितलं की आपण ज्याच्याभोवती फिरतो ते नुसतं शोभेचं तळं नाही, तो होल्डिंग पाँड आहे, भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद होतात, तेव्हा शहरातलं पावसाचं पाणी इथे साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. बारा वर्षं इथे राहतेय, मला माहीत नव्हतं. आता मी सकाळी भरतीची वेळ बघून जाते आणि तळं किती वर आलंय ते बघते.

काही दिवस पळायचंच नाही हे पण तितकंच पक्कं. रेड अलर्ट असेल तर सुट्टी, कुणी शूरपणा दाखवायचा नाही. वीज चमकत असेल तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आडोशाला. जोराचा पाऊस असेल तर पाम बीच नाही, तिथे गाड्या सुसाट असतात आणि वायपर चालू असताना ड्रायव्हरला आपण दिसत नाही, त्यादिवशी तळ्याभोवतीच. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे चालत पार करायचे. साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, खाली खड्डा असतो, आणि पायाला जखम असताना तसं पाणी लागलंच तर लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) डॉक्टरांना लगेच विचारायचं, प्रतिबंधाची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, पण त्यांनी सांगितली तरच.

ऑगस्टमध्ये ताईंच्या आई आजारी पडल्या, त्या पंधरा दिवस गावी होत्या. मला भीती वाटली आता आपलं सुटणार. पण पहिल्याच रात्री काकांचा फोन आला, उद्यापासून मी आणि काकू तुझ्या गेटवरून येऊ, आम्हाला वाटेतच आहे. वाटेत अजिबात नाही, ते सीवूड्सला राहतात.

परवा ग्रुपमध्ये नवीन आलेल्या मुलीने पहाटे लिहिलं, "पाऊस आहे, आज रद्द ना?" कुणीच उत्तर दिलं नाही. मी तिला वेगळा मेसेज केला आणि विचारलं तू कुठल्या सेक्टरला राहतेस. आमच्या मागच्याच गल्लीत निघाली. रविवारपासून पत्र्याखाली आम्ही तिघी.