लघवीच्या नमुन्याचं निमित्त

आज ठाण्यातल्या आमच्या ओपीडीत सातवा महिना लागलेली एक मुलगी आली. (तिची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही.) मी काहीही विचारलं की उत्तर सासूबाईंकडून. बीपी घ्यायला बाही वर सरकवली, तर दंडावर चार बोटांचे डाग, कडेने पिवळे पडलेले. म्हणजे कालचे नव्हेत.

सासूसमोर विचारलं तर घरी गेल्यावर तिलाच त्रास. म्हणून "लघवीचा नमुना हवाय, फक्त पेशंटच आत" म्हणत तिला एकटीला घेतलं. दार लावलं. "घरी कोणी हात उगारतं का गं? आम्ही सगळ्यांनाच विचारतो." ती बराच वेळ डबीचं झाकण उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, "पोटावर नाही मारत, सिस्टर."

अजून कानातून जात नाहीये ते वाक्य.

"सोड त्याला" असं मी म्हटलं नाही. तो निर्णय तिचा. बाळाचे ठोके ऐकवले, तिला विचारून डॉक्टरांना सांगितलं, डागांची नोंद केसपेपरवर केली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कधी दाद मागायची झाली तर उपयोगी पडेल. तिच्या कार्डावर मात्र एक अक्षर नाही, कारण कार्ड घरी जातं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबरही लिहून दिला नाही, तीनदा म्हणवून घेतला.

२००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरी मार खाणाऱ्या बायकांना आधार देणारं 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते दवाखान्यातच. चौकीची पायरी न चढणारी बाई तपासणीला येतेच.

पुढची तारीख आठवड्याचीच दिली. त्या दिवसाची ड्युटी मागून घेतलीय.