मिल्टन येत असताना सेंट पीटर्सबर्गमध्ये: घर कधी सोडायचं, कुठे जायचं

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला ताईकडे होते. फिरण्याचे बेत बरेच होते, पण त्या आठवड्यात मेक्सिकोच्या आखातात मिल्टन नावाचं चक्रीवादळ तयार झालं आणि घरात एकच विषय उरला. घर सोडायचं का, सोडायचं तर कधी आणि जायचं कुठे? तिकडचा हरिकेनचा, म्हणजे मोठ्या चक्रीवादळांचा, हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. आपल्याकडून लेकीकडे, मुलाकडे, बहिणीकडे जाणारी पुष्कळ माणसं नेमकी याच काळात तिथे असतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ताईचं घर टँपा बे या खाडीच्या काठाजवळ, सखल वस्तीत आहे. मिल्टनच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २६ सप्टेंबरच्या रात्री, हेलीन नावाचं वादळ फ्लोरिडाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला धडकलं होतं. ते ताईच्या घरापासून शंभर मैलांहून जास्त अंतरावरून गेलं, तरी खाडीचं पाणी सहा फुटांच्या वर चढलं. गॅरेजच्या भिंतीवर मांडीइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती, खाली वाळलेला गाळ आणि वर स्वच्छ पांढरा रंग. राहतं घर उंचावर असल्यामुळे वाचलं. शेजारच्या बैठ्या घरांतून मात्र सोफे, गाद्या, फ्रिज आणि भिजून फुगलेल्या भिंतींचे तुकडे काढून रस्त्याच्या कडेला रचून ठेवले होते. गल्लीत दोन्ही बाजूंनी छातीइतके ढीग होते. ते उचलून व्हायच्या आतच पुढचं वादळ येतंय म्हटल्यावर, वाऱ्याबरोबर त्यातलं काय काय उडून कुठे आदळेल या विचाराने पोटात गोळा यायचा.

शनिवारी, ५ ऑक्टोबरला, वादळाला नाव मिळालं. रविवारी ते हरिकेन झालं आणि सोमवारी थेट कॅटेगरी पाचवर, म्हणजे वाऱ्याच्या वेगानुसार ठरवलेल्या सगळ्यात वरच्या वर्गात, गेलं. वाऱ्याचा वेग ताशी १८० मैल, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटर. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ३५ मैलांनी वाढला तरी हवामानशास्त्रात त्याला झपाट्याने बळावणं म्हणतात, आणि मिल्टनने तर एका दिवसात त्याच्या दुपटीहून जास्त वेग घेतला. शिवाय ते आखाताच्या नैऋत्य कोपऱ्यातून निघून पूर्वेकडे, सरळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर चालून येत होतं. अशी वाट क्वचितच दिसते. टँपा बेला मोठ्या हरिकेनचा थेट तडाखा याआधी १९२१ मध्ये बसला होता. ‘इथे येत नाही वादळ, शेवटी वळतं’ असं म्हणणारे जुने रहिवासी तिथे भेटतात ते त्यामुळेच.

माहिती कुठून घ्यायची हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं पत्रक पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता येतं. किनाऱ्याला इशारा लागू झाला की मधल्या वेळातही, म्हणजे दोन आणि आठ वाजता, ताजी स्थिती देतात. ही पत्रकं वाचायची आणि मधल्या वेळात फोन बाजूला ठेवायचा. वादळाच्या संभाव्य वाटा दाखवणारे, रंगीबेरंगी शेवयांसारखे दिसणारे मॉडेलचे नकाशे मोबाइलवर सतत येत राहतात, ते बघून घरातल्या माणसांची झोप उडते आणि निर्णय काही सोपा होत नाही. त्याऐवजी पत्रकासोबतची ‘डिस्कशन’ ही साध्या मजकुराची टीप वाचा. अंदाज बांधणारा तज्ज्ञ त्यात स्वतः लिहितो की खात्री कशाची आहे, कशाची नाही आणि का. सगळ्या नकाशांपेक्षा मला तिचा उपयोग जास्त झाला.

नकाशावर जो पांढरा शंकू दिसतो, त्याबद्दल गैरसमज फार आहेत. तो वादळाचा आकार नाही. वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकेल याचा तो अंदाज आहे, आणि मागच्या काही वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरते. साधारण तीनपैकी एका वेळी केंद्र शंकूच्या बाहेरही जातं. वारा, पाऊस आणि समुद्राचं उधाण तर शंकूच्या बाहेर दूरवर पोचतं. हेलीनमध्ये टँपा बेचं तेच झालं होतं.

टँपा बेची खरी भीती पाण्याची. तिथले लोक ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणतात, म्हणजे वादळाच्या वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेलं समुद्राचं पाणी. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्यामुळे पश्चिमेकडून येणारं वादळ खाडीच्या तोंडाच्या थोडं उत्तरेला धडकलं, तर वारा समुद्राचं पाणी खाडीत कोंबतो, आणि खाडी उथळ असल्यामुळे ते चढतच जातं. तेच वादळ थोडं दक्षिणेला धडकलं, तर वारा खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढून नेतो. मिल्टनसाठी खाडीत १० ते १५ फूट सर्जचा अंदाज जाहीर झाला होता. पंधरा फूट पाणी आलं असतं, तर ताईच्या घराचा राहता मजलाही बुडाला असता. आणि हे सगळं ठरणार होतं तीसेक मैलांच्या फरकावर. एक दिवस आधीच्या अंदाजातही केंद्राची जागा सरासरी तीस मैलांच्या आसपास चुकते. थोडक्यात, ज्या उत्तरासाठी माणसं थांबून राहतात ते उत्तर वेळेवर मिळणारच नसतं. वादळ नेमकं कुठे येतंय ते बघू आणि मग निघू, हा विचार त्या किनाऱ्यावर चालत नाही.

म्हणून पहिला प्रश्न वादळाबद्दल विचारायचाच नाही, घराबद्दल विचारायचा. फ्लोरिडाच्या किनारी भागात पत्त्यानुसार इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे वादळाआधी रिकामे करायचे विभाग, ठरलेले असतात, ए, बी, सी अशा अक्षरांचे. ए सगळ्यात आधी रिकामा करतात. काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, वेबसाइटवर पत्ता टाकला की अक्षर कळतं. विम्यासाठी जो ‘फ्लड झोन’ असतो तो निराळा, त्याचा इथे उपयोग नाही. या दोन गोष्टींची गल्लत तिथे वर्षानुवर्षं राहणारेही करतात. ताईचं घर ए झोनमध्ये. सोमवारी पिनेलस काउंटीने (सेंट पीटर्सबर्ग तिच्यातच येतं) ए, बी, सी झोन आणि सगळी मोबाइल होम, म्हणजे तयार आणून ठेवलेली हलकी घरं, रिकामी करायचे आदेश काढले. मोबाइल होम कुठल्याही झोनमध्ये असलं तरी सोडायचंच असतं, कारण ते वाऱ्यापुढे टिकत नाही.

तिथे एक वचन पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. घर पाण्याच्या झोनमध्ये असेल तर निघायचं. नसेल, आणि बांधकाम पक्कं असेल, तर घरातच राहायचं आणि रस्ता इतरांसाठी मोकळा ठेवायचा. कॅटेगरीचा आकडा फक्त वाऱ्याचा असतो, पाणी किती येईल ते त्यात नसतं. मिल्टन पाचवरून चारवर आलं, पुन्हा पाचवर गेलं, मग किनाऱ्याजवळ येताना कमजोर झालं. प्रत्येक वेळी शेजारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आता राहायला हरकत नाही’ असे मेसेज यायचे. दाजींनी त्यातल्या एकाकडेही लक्ष दिलं नाही, आणि ते योग्यच केलं.

ताईच्या सासूबाई मात्र निघायला तयार नव्हत्या. ‘हेलीनमध्ये वर पाणी आलं का? मग? माझे देव, माझी औषधं, सगळं इथे आहे. तुम्ही जा, मी आहे.’ समजूत घालताना ताईने वादळाबद्दल एक शब्द काढला नाही. ती म्हणाली, ‘आई, पाणी आलं तर जिन्याने खाली उतरता येणार नाही, आणि बोलावलं तरी त्या वाऱ्यात कुणी येणार नाही. तुम्ही नाही तर आम्हीही नाही.’ त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग उठून देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रुमालात गुंडाळायला लागल्या. घरात वयस्कर माणूस असेल तर हे बोलणं आदेश निघायच्या आदल्या दिवशीच करून घ्या. त्यांच्या मनाची तयारी व्हायला वेळ लागतो, आणि तो त्यांना मिळाला पाहिजे.

निघायची वेळ कशी ठरवायची? हरिकेन सेंटर आणखी एक नकाशा देतं. ताशी ३९ मैलांचा वारा तुमच्या भागात लवकरात लवकर कधी पोचू शकेल, ते त्यावर दिसतं. तो वारा सुरू झाला की बाहेरची कामं धोक्याची होतात आणि मोठे पूल बंद होऊ लागतात. पिनेलस म्हणजे द्वीपकल्प, टँपाकडे जायचे जवळचे रस्ते पुलांवरूनच. त्या वेळेपासून आम्ही मागे मोजलं आणि मंगळवारी पहाटेच निघायचं ठरवलं. वादळ बुधवारी रात्री येणार होतं.

कुठे जायचं याबद्दल माझं मत ठाम आहे: जवळच. अधिकारीही हेच सांगतात की शेकडो मैल जायची गरज नसते, दहा-वीस-पन्नास मैल पुरतात. उत्तरेला जॉर्जियाच्या दिशेने निघालेले लोक इंटरस्टेट ७५ या महामार्गावर तासन्‌तास अडकले होते, आणि वाटेतल्या पंपांवर नळ्यांना ‘पेट्रोल नाही’ सांगणाऱ्या पिशव्या बांधलेल्या. आम्ही गेलो लेकलँडला, ताईच्या मैत्रिणीकडे. गाव आतल्या भागात, घर सिमेंटच्या ठोकळ्यांचं आणि २००२ नंतरचं. हे साल विचारून घ्या, कारण १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर कडक केलेले बांधकामाचे नियम फ्लोरिडाभर २००२ पासून लागू झाले. ओळखीचं घर नसेल आणि हॉटेलं भरली असतील तर काउंटीचे निवारे असतात, बहुतेक शाळांमध्ये. तिथे पाठ टेकायला जागा मिळते, अंथरूण-पांघरूण आपलं न्यावं लागतं. ऑक्सिजन किंवा विजेवर चालणारं उपकरण लागणाऱ्यांसाठी वेगळे निवारे आहेत, पण त्यांची नोंदणी आधी करायची असते.

सामानाचं फार लिहीत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, रोख पैसे, पॉवर बँक, पाणी आणि न शिजवता खाता येईल असं खाणं. औषधांचं मात्र नीट ऐका. आणीबाणी जाहीर झाली की फ्लोरिडात मुदतीच्या आधीही तीस दिवसांची औषधं मिळण्याची कायद्यात सोय आहे. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या ताईने रविवारीच तशा आणल्या, त्याच वेळी गाडीची टाकीही भरली. दाजींची दुसरी गाडी इलेक्ट्रिक आहे. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर ती नंतर पेट घेऊ शकते, म्हणून ती गॅरेजमध्ये न ठेवता एका बहुमजली पार्किंगच्या वरच्या मजल्यावर लावून आलो.

टोल माफ होते आणि इंटरस्टेट ४ वर पूर्वेकडे जाताना कडेची पट्टीही वाहनांसाठी खुली केली होती. तरीही तासाभराच्या रस्त्याला दुपटीहून जास्त वेळ लागला. त्याच सकाळी ९ वाजता टँपाचा विमानतळ बंद झाला, ऑरलँडोचा दुसऱ्या दिवशी. शेवटच्या विमानावर भिस्त ठेवू नका.

बुधवारी दुपारपासूनच फोन टॉर्नेडोच्या इशाऱ्यांनी वाजू लागले. मिल्टन किनाऱ्याला लागायच्या कितीतरी आधी राज्यात चाळीसहून अधिक टॉर्नेडो झाले, आणि पार पूर्व किनाऱ्यावर, सेंट लूसी काउंटीतल्या ज्येष्ठांच्या मोबाइल होम वसाहतीत सहा माणसं गेली. आतल्या भागात गेलो म्हणजे सुटलो, असं नसतं. बिनखिडकीची खोली कोणती हे पोचल्यावर आधी बघून ठेवा. आम्ही गाद्या मधल्या बोळात टाकल्या होत्या.

रात्री साडेआठच्या सुमारास मिल्टन ‘सिएस्टा की’ नावाच्या बेटाजवळ जमिनीवर आलं, कॅटेगरी तीन. सेंट पीटर्सबर्गच्या सुमारे ३५ मैल दक्षिणेला. खाडीचं पाणी चढण्याऐवजी ओसरलं. लेकलँडला वीज गेली, छपरावर रात्रभर फांद्या आपटत राहिल्या, पण घराला काही झालं नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस पडला आणि ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्पर फाटून गेलं. ताईच्या घरात सर्जचं पाणी आलं नाही. ‘उगीच गेलो’ असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही, आणि तुम्हालाही वाटू देऊ नका. पुढच्या वेळी तीस मैल उत्तरेला आलं तर?

परतायची घाई करू नका. काउंटी रस्ते आणि पूल खुले झाल्याचं जाहीर करेपर्यंत थांबा. तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, सिग्नल बंद होते आणि पेट्रोलची टंचाई परतीच्या वेळी जास्त जाणवली. साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, त्यात तुटलेल्या तारा आणि सांडपाणी असतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये नळाचं पाणी उकळून प्यायची सूचना होती, म्हणून येताना पाणी आणि भरलेली टाकी घेऊनच या. जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ कधीही लावू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वादळ सरल्यानंतर माणसं मारतो. आवरायला हात लावण्याआधी विम्यासाठी फोटो काढून घ्या.

आणि हंगामात तिकडे जाणाऱ्यांसाठी: प्रवास विमा तिकिटाबरोबरच घ्या, वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी सहसा चालत नाही. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं आणि पर्यायी विमान तुम्हाला नको असेल तर पैसे परत मागा, तो तुमचा हक्क आहे. ज्यांच्याकडे उतरणार त्यांना निघायच्या आधीच विचारा: तुमचा झोन कोणता, वेळ आली तर कुणाकडे जायचं, आणि ते घर कोणत्या साली बांधलं.