ह्या चित्रांना मार्क नाहीत

मी लातूरला ट्युशन एरियात बायोलॉजी शिकवते. लातूर पॅटर्न वगैरे सगळ्यांना माहितीच आहे, पण आत राहून तो कसा लागतो ते बाहेरच्याला नाही कळायचं. इथं मेसवाल्या काकूपण पोराला आधी "किती पडले रे?" विचारतात आणि मग भाजी वाढतात. मेडिकलच्या नीट परीक्षेत 720 पैकी किती, बरोबर आलं की चार, चुकलं की मायनस एक, आणि दिवसभर हेच केल्यावर घरी येऊन पण मी माणसांना मार्कच द्यायला लागले होते, नवऱ्यानं केलेल्या चहाला सुद्धा.

तर त्याच्यावर उतारा म्हणून मी झाडं काढते. म्हणजे पेन्सिलनं, कागदावर. गंजगोलाईतून साधी वही आणली, एक 2बी, एक 4बी, खोडरबर, झालं. महागडं सामान आणलं की ते वसूल करायचं टेन्शन येतं असं माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

ज्या रविवारी टेस्टला ड्युटी नसते त्या रविवारी सकाळीच निघते, मुरूड, ढोकी करत येडशी. तिथं बालाघाटच्या डोंगरात रामलिंग आहे, जटायू पडला ती हीच जागा म्हणतात, त्याची समाधी पण दाखवतात. पायऱ्या उतरून खाली देऊळ, पावसात बाजूला धबधबा, आणि भोवतीच्या जंगलाला 1997 पासून अभयारण्याचा दर्जा. मराठवाडा म्हणलं की लोकांना 2016 ची मिरजेवरून आलेली पाण्याची रेल्वेच आठवते, आम्ही पण ती विसरलो नाही म्हणा, पण एक-दोन पाऊस पडल्यावर हा घाट बघा एकदा.

मी पहिल्यांदा पळस काढायला घेतला कारण सोपा वाटला. पळसाला पानं तीनच, हे तर शेंबड्या पोराला माहिती. आता बायोलॉजीवाली म्हणून सांगायलाच पाहिजे की ती तीन पानं नाहीतच, एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत, ट्रायफोलिएट, हे मी बोर्डावर किती वेळा लिहिलंय. पण काढायला बसले तेव्हा दिसलं की तिन्ही सारख्या नाहीत! मधली मोठी, टोकाकडं रुंद, दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या, आणि आजूबाजूच्या दोन्ही वाकड्या, शिरेच्या एका बाजूला जास्त भरलेल्या. इतकी वर्षं शिकवतेय आणि हे कुठल्या पोरानं विचारलं नाही, विचारणार कसं, पेपरात येत नाही ना. एका पानातच अख्खी सकाळ गेली. फोन बॅगेत होता, पालकांच्या ग्रुपवर काय चाललंय ते डोक्यातच आलं नाही, घरी आल्यावर मान दुखत होती पण चिडचिड नव्हती, सासूबाईंच्या पण ध्यानात आलं ते.

सासूबाईंचं सुरुवातीला वेगळंच, "काय करायलीस गं, पोरं-टोरं दहावीला असल्यावानी चित्रं काढत बसलीस." आता त्याच चष्मा लावून बघतात आणि चुका काढतात, बाभळीचे काटे जोडीनं असतात, तू एकेकच काढलास, असं. बरोबरच असतं त्यांचं, शेतात जन्म गेलाय.

खरा त्रास बाकीच्यांचा. चित्र दिसलं की पहिला प्रश्न, ह्याचं काय मिळतं? मग सल्ले, इन्स्टावर टाका मॅडम, रील करा, पोरांना पेड वर्कशॉप घ्या. वाईट हेतू नसतो कुणाचा, पण मी सरळ नाही म्हणते. एकदा का लाईक मोजायला लागले की ती पण टेस्ट सिरीजच झाली की मग. माझ्या वहीतली निम्मी झाडं ओळखू पण येत नाहीत आणि मला त्याचं काही वाटत नाही, आख्ख्या गावात मला नापास व्हायची परवानगी असलेली ही एकच जागा आहे.

सध्या सीताफळाचं फूल चालू आहे. सीताफळ सगळ्यांनी खाल्लंय, फूल कुणी बघितलंय का विचारा. हिरवट, जाड तीन पाकळ्या, पानाआड खाली मान घालून लटकलेलं, फूल आहे हेच कळत नाही. खालून बघावं लागतं म्हणून मी सरळ जमिनीवर आडवी होते, येणारे जाणारे भाविक चक्कर आली का म्हणून विचारतात.

कुणाला यायचं असेल तर या, वही आपली आपण आणायची. आणि खायचं सामान गाडीतच ठेवा बाबांनो, तिथली माकडं पिशवीची चेन उघडतात, माझं खोडरबर सुद्धा नेलंय त्यांनी, शेंगदाण्याचा लाडू समजून का काय देव जाणे.