फोटोवरून अपोलोची जात सांगता येते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हिमालयात चार हजार मीटरवर टिपलेलं पांढरं, लाल ठिपक्यांचं फुलपाखरू दाखवून ‘हे कोणतं अपोलो?’ असं अनेक जण विचारतात. वरून काढलेल्या एका फोटोवरून ‘पार्नासिअस’ ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कळते. जात बहुतेक वेळा कळत नाही.

सगळे ठिपक्यांवर विसंबतात आणि तिथेच फसतात. एकाच उतारावर एका नराचे ठिपके लालभडक, तर दुसऱ्याचे नारिंगी असू शकतात. त्यात उन्हाने रंग उडतो, खवले झडतात. पंखाच्या बुडाचा काळा भागही कमी-जास्त असतो, कारण त्याचं काम ऊन शोषण्याचं. छातीचे स्नायू तापल्याशिवाय उडता येत नाही. अशा बारीकसारीक फरकांवरून खोऱ्याखोऱ्यातल्या फुलपाखरांना वेगळी नावं दिली गेली. लिनियसने १७५८ साली नाव दिलेल्या एकट्या पार्नासिअस अपोलोच्या २००हून अधिक उपजाती वर्णिल्या गेल्या आहेत. त्यातल्या कितीतरी नावांना फारसा आधार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

म्हणून वरचा फोटो झाला की खाली वाका आणि बाजूने एक घ्या. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) एकरंगी आहेत की काळ्या-पांढऱ्या वळ्यांच्या? पंखांची किनार सलग आहे की चौकटीची? मादी असेल तर पोटाचं टोक नक्की टिपा. मीलनाच्या वेळी नर तिथे एक स्राव सोडतो. तो घट्ट होऊन टोपणासारखा बसतो आणि दुसऱ्या नराची वाट अडवतो. कुठे हे टोपण लहानसं, कणा असलेलं, तर कुठे मोठं, फुगीर. जात ओळखायला इतकी बोलकी खूण क्वचितच मिळते. आसपास सेडम, रोडिओला की कोरिडॅलिस आहे तेही लिहून ठेवा, कारण सुरवंट ठरावीक वनस्पतींवरच वाढतात.

इतकं करूनही अडलं, तर परवानगीने घेतलेल्या नमुन्याचं पोट मऊ भाग विरघळवणाऱ्या १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) रात्रभर ठेवून जननेंद्रियं तपासतात. कमी वेळ ठेवलं तर चरबी चिकटून राहते, जास्त झालं तर नाजूक पडदे विरघळतात. डीएनएसाठी एक पाय पुरतो. पण नेहमीचा ६५८ अक्षरांचा ‘सीओआय’ तुकडा पेशीकेंद्राबाहेरच्या, मायटोकाँड्रियातल्या डीएनएचा असतो आणि फक्त आईकडून येतो. पूर्वी कधी दोन जातींचा संकर झाला असेल तर हा तुकडा चुकीच्या जातीकडे बोट दाखवतो. पेशीकेंद्रातली जनुकंही सोबत तपासावी लागतात.