एम्फसाइजपुढचा 'ऑन'

इंग्रजी मजकूर तपासताना माझ्या हातून सगळ्यात जास्त वेळा खोडला जाणारा शब्द म्हणजे इवलासा 'ऑन'. 'द रिपोर्ट एम्फसाइजेस ऑन द नीड फॉर क्लीन वॉटर.' पुढच्या पानावर 'द ऑथर एम्फसाइजेस ऑन द रोल ऑफ मदर्स.' लिहिणारी माणसं आपापल्या विषयात पक्की असतात, त्यांचं बाकीचं इंग्रजीही चांगलं असतं. तरी हा 'ऑन' हटकून येतो.

तो निष्काळजीपणातून येतो असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. मराठी कानाला तो बरोबरच वाटतो. आपण भर कशावर तरी देतो, जोर कशावर तरी देतो. 'भर' हे नाम, 'देणे' हे क्रियापद, आणि ज्या गोष्टीला महत्त्व द्यायचं ती 'वर' लावून जोडल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. इंग्रजीत एम्फसिस या नामाचंही असंच आहे. 'द स्कूल पुट्स ग्रेट एम्फसिस ऑन रीडिंग' हे वाक्य निर्दोष आहे आणि आपल्या 'वाचनावर भर देते'शी ते तंतोतंत जुळतं. एम्फसाइज या क्रियापदात मात्र 'भर' आणि 'देणे' दोन्ही आधीच सामावलेले आहेत. ते सकर्मक आहे, त्याला कर्म थेट लागतं. 'द स्कूल एम्फसाइजेस रीडिंग.' मधे काही नको.

स्ट्रेसचंही तसंच. नाम असेल तर 'द स्ट्रेस ऑन ग्रामर', क्रियापद असेल तर 'शी स्ट्रेस्ड द इम्पॉर्टन्स ऑफ स्लीप'. डिस्कसपुढे येणारा 'अबाउट' त्याच वाटेने शिरतो, कारण आपण विषयाबद्दल चर्चा करतो. लिहिताना शंका आली तर एवढंच बघायचं की आपल्या हातात नाम आहे की क्रियापद.

आणखी एक चूक आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. 'ही एम्फसाइज्ड अस दॅट...' असं वाक्य येतं. 'त्यांनी आम्हाला ठासून सांगितलं' हे डोक्यात असतं, आणि 'टेल'ला माणूस थेट चालतो म्हणून इथेही चालेल असं वाटतं. चालत नाही. माणूस आणायचाच असेल तर 'टू' लागतो, 'ही एम्फसाइज्ड टू अस दॅट...'. बहुतेक वेळा त्या माणसाची गरजच नसते, तो काढला की वाक्य सुटसुटीत होतं. (स्पेलिंगमध्ये एस की झेड हा प्रश्नही मला नेहमी येतो. अमेरिकेत झेड, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात, आणि ऑक्सफर्डच्या प्रकाशनांची रीत झेडची आहे. एका मजकुरात एकच ठेवा, एवढं पुरे.)

खरी काळजी मला 'ऑन'ची नाही, कारण 'ऑन' राहिला तरी अर्थ पोचतो. एकच शब्द पुन्हा पुन्हा नको म्हणून समानार्थी शब्दांच्या यादीतून दुसरा उचलला जातो, तिथे अर्थच बदलतो. 'द स्पीकर इंटेन्सिफाइड द नीड फॉर व्हॅक्सिनेशन' हे वाक्य घ्या. वक्त्याने लसीकरणाची गरज ठासून सांगितली, असं लिहिणाऱ्याला म्हणायचं आहे. वाक्य सांगतं की वक्त्यामुळे ती गरजच वाढली! एम्फसाइज केल्याने वस्तू आहे तशीच राहते, ऐकणाऱ्याचं लक्ष तेवढं तिच्याकडे वळतं. इंटेन्सिफाय केल्याने वस्तूच तीव्र होते. वेदना, पाऊस, लढाई, शोधमोहीम यांना तो शब्द शोभतो, आणि 'द पेन इंटेन्सिफाइड' असा कर्माशिवायही येतो. एम्फसाइज तसा एकटा उभा राहू शकत नाही.

ॲक्सेंच्युएट या दोघांच्या मधला. आधीपासून असलेली गोष्ट तो उठून दिसायला लावतो, आणि त्याचा कर्ता बहुधा माणूस नसून वस्तू असते. काळी चौकट चित्रातला फिकटपणा ॲक्सेंच्युएट करते, बाजूची शांतता घड्याळाची टिकटिक ॲक्सेंच्युएट करते. सभेतल्या वक्त्याच्या तोंडी मी तो शब्द सहसा ठेवत नाही.

इंटेन्सिफायची जन्मकथा मला फार आवडते. कवी कोलरिज याने 1817 साली प्रसिद्ध झालेल्या 'बायोग्राफिया लिटरारिया'त तो वापरला आणि तिथेच खुलासाही केला की हा शब्द सॅम्युएल जॉन्सनच्या गाजलेल्या इंग्रजी शब्दकोशात सापडणार नाही. न्यूटनच्या काळी या अर्थाने 'इंटेंड' चालत असे, पण त्याला दुसराच अर्थ पक्का चिकटला होता. 'रेंडर इंटेन्स' असं फोडून लिहावं तर वाक्य मोडतं. म्हणून त्याने नवा शब्द घडवला आणि तो आपल्याच कानाला ओबडधोबड वाटतो हेही नोंदवून ठेवलं. एका क्रियापदासाठी एवढा विचार करणारा लेखक पाहिला की आपणही यादीतून डोळे मिटून शब्द उचलू नये असं मला मनापासून वाटतं.

आता 'इट शुड बी एम्फसाइज्ड दॅट'बद्दल. हे पाच शब्द मी जवळजवळ नेहमीच काढून टाकते. पुढे जे सांगायचं आहे ते खरंच महत्त्वाचं असेल तर वाक्याच्या रचनेतून ते दिसायला हवं. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने एम्फसिसची व्याख्या केली ती शब्द जेवढं सांगतात त्याहून खोल अर्थ सुचवणं अशी. म्हणजे आपल्या व्यंजनेच्या अगदी जवळची. 'मी आता भर देतो आहे' अशी घोषणा त्यात कुठेच बसत नाही.

रचनेतून भर देण्याची सवय आपल्याला आहेच, कारण मराठीत 'च' आहे. 'तिनेच पत्र लिहिलं', 'तिने पत्रच लिहिलं', 'तिने पत्र लिहिलंच'. एक अक्षर जागा बदलतं आणि तीन वेगळी वाक्यं होतात. इंग्रजीला त्यासाठी तीन वेगळ्या वाटा धराव्या लागतात. पहिल्याला 'इट वॉज शी हू रोट द लेटर'. दुसऱ्याला बोलताना 'लेटर'वर आघात, किंवा लिहिताना 'व्हॉट शी रोट वॉज अ लेटर'. तिसऱ्याला 'शी डिड राइट द लेटर'. प्रत्येक 'च'ला 'ओन्ली' लावण्याची सवय मात्र घातक आहे. 'त्यांनीच मला हे शिकवलं' याचं 'ओन्ली दे टॉट मी धिस' केलं की बाकी सगळ्यांनी शिकवायला नकार दिल्यासारखं वाटतं.

तिसरी वाट जपून वापरायची. 'औषधाने ताप उतरलाच'साठी 'द ड्रग डिड रिड्यूस द फीव्हर' हे चपखल आहे, पण औषध लागू पडेल की नाही अशी शंका आधी कुणीतरी घेतलेली असेल तरच. अहवालात तशी शंका कुठेच नसताना 'डिड' आला, तर वाचक मागची पानं उलटून ती शोधू लागतो. तिथे साधा 'रिड्यूस्ड' लिहावा.