जपानी गाणी विकत घेताना

जपानी पॉप आणि रॉक संगीत ऐकण्यापुरते आता स्ट्रीमिंगवर बरेचसे मिळते. पण आवडत्या बँडची सीडी रीतसर विकत घेऊन हातात धरण्याचे समाधान मला त्यात मिळत नाही. जपानमध्ये ‘साईहान’ या पद्धतीमुळे नव्या सीडीची किरकोळ किंमत प्रकाशक कंपनीच ठरवते, त्यामुळे सवलतीच्या शोधात दुकाने पालथी घालण्यात फारसा अर्थ नसतो. खरा फरक पडतो तो टपालखर्चात. म्हणून सीडीजपानसारख्या परदेशी पाठवणी करणाऱ्या दुकानातून मी दोन-तीन अल्बम एकत्रच मागवतो. निर्यातीच्या मालावर जपानचा १० टक्के उपभोग कर लागत नाही, मात्र आपल्या देशातील सीमाशुल्काचा हिशेब आधीच करून ठेवावा.

पहिल्या आवृत्तीच्या मर्यादित प्रती, ज्यांना तिकडे ‘शोकाई गेन्तेइबान’ म्हणतात, त्या पुन्हा छापल्या जातीलच असे नाही, तेव्हा त्यांची आगाऊ नोंदणी करणेच शहाणपणाचे. सोबत मैफलीची डीव्हीडी असेल, तर ती कोणत्या प्रदेशातील प्लेअरवर चालेल हे ठरवणारा जपानचा विभाग क्रमांक (रीजन कोड) २ आहे, हे प्लेअरशी ताडून पाहावे.

जुन्या सीडीला कण्यापाशी गुंडाळलेली ‘ओबी’ नावाची कागदी पट्टी शाबूत आहे का, हे वर्णनात मी नेहमी तपासतो. फिकट झालेली का होईना, ती पट्टी असली की संच पूर्ण वाटतो.