सायप्रसच्या डोंगरात समुद्राचा तळ

ट्रूडोसच्या डोंगरात रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि समोर उशांसारखे गोल गोल दगड एकावर एक रचलेले दिसले, हा पाण्याखाली गोठलेला लाव्हा, साधारण 9 कोटी वर्षांपूर्वीचा! आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट बहुतेक जमिनीवर वाहिलेला, त्यामुळे हे बघताना मला खरंच भरून आलं.

तिथल्या तांब्याची गोष्ट तर भारीच आहे. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांमधून खाली झिरपतं, खालच्या शिलारसाने प्रचंड तापतं आणि खडकातलं तांबं, जस्त, लोखंड विरघळवून घेऊन परत वर उसळतं. 350 डिग्रीच्या आसपासचं ते पाणी तळाच्या गारठलेल्या पाण्याला भिडलं की धातू आणि गंधक एकत्र येऊन लगेच बारीक काळे कण तयार होतात, लांबून धूरच वाटतो. 1979 मध्ये पॅसिफिकच्या तळाशी ॲल्विन पाणबुडीतल्या लोकांनी अशा धुरांड्या प्रत्यक्ष पाहिल्या. त्या वाढतात, कोसळतात, ढीग साचतो, आणि वरून लाव्हाचा थर बसला तर तो ढीग गंजण्यापासून वाचतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सायप्रसचं तांबं अशाच ढिगांमधलं, आणि तिथल्या खनिजात तर त्या धुरांड्यांजवळ राहणाऱ्या नळीकिड्यांचे जीवाश्मसुद्धा सापडलेत. तांब्याचं लॅटिन नाव क्युप्रम, तेही या बेटावरूनच पडलंय. पायराइटचा, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचा, एक छोटा तुकडा हातात घेतला, पितळेसारखा चमकणारा, आणि आकाराच्या मानाने केवढा जड!